वाळ्याच्या भिंतींची मेटाडोर

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत खिडकी पुसली की तासाभरात पुन्हा राख. त्यात आईचा खोकला. डॉक्टर म्हणाले, हिला थोडे दिवस चांगल्या हवेत न्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चिखलदऱ्याला लॉजवर राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं, पण माझ्याकडे जुनी मेटाडोर व्हॅन होती. म्हटलं, हिच्यातच घर करू!

मी पडलो नागपूरचा. घर म्हणजे ऊन अडवायचं, एवढंच डोक्यात. पत्रा आणि प्लायवूडच्या मधे कूलरला लावतात तो वाळा ठासून भरला. गांधीबागेच्या बाजारातून जाड रेक्झिन आणून वरून ताणलं. मे महिन्यात गरम वाऱ्याची लू शिरू नये म्हणून घर बंद करतो, तशी एकूण एक फट बुजवली. माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, माणसं झोपणार आहेत आत. एखादी फट तर ठेवा जी!"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. हे लिहितानाही कान तापतात.

डिसेंबरात निघालो. कोंढाळीला संत्री स्वस्त आणि गोड, टोपलीभर घ्याच. परतवाड्यात डिझेल भरून घ्या, पुढे घाट आहे. आई पुढे बसून प्रत्येक वळणावर "बापा बापा!" करत होती. वर पोचलो तर थंडीनं दात वाजायला लागले. मी ऐटीत दारं लावली, आतच स्टोव्ह पेटवून झुणका केला आणि म्हणालो, "पाहा, कशी ऊब आहे!"

सकाळी तोंडावर थेंब पडला. वाटलं, पाऊस. कसला पाऊस! आमच्याच श्वासाची आणि स्टोव्हची वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन सांध्यांतून टपकत होती. तरी मी गाद्या वाळवत मुक्काम रेटला. काही दिवसांत कुबट वास सुटला. कोपऱ्यातलं प्लायवूड उचकटलं, तर आतला वाळा काळा-हिरवा, बुरशीनं माखलेला. त्याच भिंतीला पाठ लावून आई झोपत होती, आणि पदर तोंडात कोंबून खोकत होती.

"आई, सांगितलं काहून नाही?"

"हौसेनं केलं न तू. ठसका आहे थोडासा, होते बरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी सगळ्या खिडक्या उघड्या टाकून परत फिरलो. तुम्ही अशी गाडी करणार असाल, तर पत्र्याला लागून पाणी पिणारं काही भरू नका. स्वयंपाक बाहेर करा. कितीही थंडी असो, समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. आणि बायकोचं ऐका.

घरी आल्यावर अंगणात तो वाळा उपसून पोत्यात भरत होतो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "कशी होती वं पोराची गाडी?"

"मस्त! वाळ्याचा वास येऊन राहिला होता रातभर. अशी झोप तर घरीबी नाही लागत..." पुढचं बोलायला तिला श्वास पुरला नाही.

मी पोत्याचं तोंड बांधत राहिलो. मान वर करायची हिंमत झाली नाही.