सोमवारचा हमूर

अमिरातीतल्या फुजैराला हिवाळ्यात पाऊस लागला की बांधकामाच्या साइट बंद राहायच्या. अशाच एका सोमवारी, गार वाऱ्यात, किनाऱ्याच्या दगडांवर एक मालवणी कामगार डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून गळ टाकून बसला होता. मी छत्री धरून बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने हातभर लांबीचा हमूर मासा लागला. त्याने गळ अलगद सोडवला, माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि त्याला पाण्यात सोडून दिलं.

"अहो, हे काय केलंत?" मी हळहळलो.

"आज सोमवार. खाऊचो नाय. पण भेटूक काय हरकत?" मग पाण्याकडे वाकून तो म्हणाला, "उद्या ये हां."

मंगळवारी लख्ख ऊन पडलं आणि साइट सुरू झाल्या. हमूर मात्र वेळेवर आला असेल, असं मला आपलं वाटतं.