दुसऱ्या पिनेची जागा

इस्पितळाच्या तळमजल्यावर कान तपासणाऱ्या बाईंना सगळे कानवाल्या बाई म्हणत. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं, हे काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. त्याआधी चार वर्षं त्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

थोरली बहीण गाण्याची सुरावट वाजवायची, या मागे साथीचे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सूर, धरायच्या. ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे गिटारींचा आवाज मोठा करणारा, काचेच्या ट्यूबवाला एकच अ‍ॅम्प होता. त्यात दोन गिटारींच्या पिना घालता येत. वरची ताईची, खालची यांची. दोघींचा आवाज एकाच खोक्यातून मिसळून निघायचा. त्यात आपलं कुठलं नि ताईचं कुठलं, त्यांनाही उमगत नसे. मग ताई लग्न होऊन समुद्रापार गेली, ऑर्केस्ट्रा मोडला आणि गिटार कपाटावर चढली.

यंदा एका सहकारी मुलीनं गंमत म्हणून बाईंचेच कान तपासले. कागदावरची रेघ उजवीकडे घसरत गेली होती. वरच्या पट्टीतल्या बारीक शिट्ट्या त्यांना ऐकूच आल्या नव्हत्या.

"वयाचं आहे हो," मुलगी चाचरत म्हणाली.

हेच वाक्य बाईंनी हजारोंना ऐकवलं होतं. घरी येऊन त्यांनी गिटार खाली काढली, पुसली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला अ‍ॅम्प घ्यायचाय."

"घे की," नवरा म्हणाला. "फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी बहिरं करून घे."

रविवारी दोघं दुकानात गेले. केसांचा अंबाडा बांधलेल्या विक्रेत्यानं विचारलं, "मुलासाठी बघताय?"

"माझ्यासाठी. दोन पिनांचा हवाय."

"दोन गिटारी? एकाच अ‍ॅम्पला? आता असं कुणी वाजवत नाही, मॅडम." तरी त्यानं कोपऱ्यातून एक काढला, तीस वॉटचा. ट्यूब तापून नारिंगी व्हायला अर्धं मिनिट लागलं. बाईंनी पहिला कॉर्ड वाजवला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. अगदी तोच आवाज होता, कडेला किंचित फाटलेला, उबदार. पण या अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण वाढवल्याशिवाय तो सूर निघत नव्हता, आणि वाढवला की काउंटरची काच थरथरत होती. बाईंनी पर्समधून आवाज मोजायचं यंत्र काढलं. आकडा शंभर डेसिबलच्या वर गेला.

विक्रेत्यानं पाच वॉटचा पुढे केला. "हा सहापट हळू."

"वॉट सहापट कमी झाले, आवाज नाही," बाई म्हणाल्या. "दहापट कमी केले तरी कानाला तो निम्माच वाटतो." मग विक्रेत्यानं त्या अ‍ॅम्पची मागची कळ फिरवून तो अर्ध्या वॉटवर आणला. आता गप्पा मारता येतील इतक्याच आवाजात तो फाटका सूर निघाला. त्याला पिनेची जागा मात्र एकच होती.

बाईंनी तिथूनच ताईला फोन लावला आणि दोन्ही अ‍ॅम्पचं सांगितलं.

"चिमणे, लहानाच घे," ताई म्हणाली. "माझी गिटार केव्हाच गेली गं. आता बोटंही वळत नाहीत. माझ्यासाठी जागा धरून काय करशील?"

"येशील तेव्हा..."

"येईन तेव्हा गप्पा मारू."

बाईंनी लहाना घेतला. गाडीत घर येईपर्यंत तो मांडीवर धरून बसल्या.

दुपारी मधल्या खोलीत त्यांनी ते जुनं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. नवरा दारात येऊन ऐकत राहिला.

"छान वाटतंय. पण गाणं कुठलं?"

"ओळखू येणार नाही. माझ्या वाट्याला फक्त मागचे कॉर्ड होते. गाणं ताईकडे."

"मग तिला लाव ना फोन!"

फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तो अ‍ॅम्पसमोर ठेवला आणि वाजवायला लागल्या. चार ठेक्यांनंतर पलीकडून ताईचा गुणगुणण्याचा आवाज आला. सूर पक्का होता, पण एक ठेका मागे पडलेला. बाई थांबल्या, तर ताईच पुढे निघून गेली.

"तू घाई करतेयस," ताई म्हणाली.

"मी नाही गं. तुझा आवाजच उशिरा पोचतोय."

"पुन्हा घे."

त्यांनी पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा, अगदी सावकाश. मागे राहिलेला तो एक ठेका काही केल्या भरून निघेना. शेवटी दोघींना हसू आलं. "तू वाजव," ताई म्हणाली, "मी नुसती ऐकते."

बाईंनी फोन अ‍ॅम्पच्या आणखी जवळ सरकवला. आवाज तुटत तुटत जात होता, तरी ताई शेवटच्या कॉर्डपर्यंत फोनवर थांबली.