उलटं धरायचं नाही

सौंसरला आम्हा नर्सबाईंचं प्रशिक्षण होतं. जन्मलेलं बाळ रडलं नाही तर काय करायचं, एवढाच विषय. मी नोकरीला लागले तेव्हा बाळंतपणाचं काम ज्यांनी मला हाताला धरून शिकवलं, त्या ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. निवृत्ती जवळ आली होती, तरी त्यांनाही बोलावलं होतं.

छिंदवाड्याहून आलेल्या मॅडमनी टेबलावर रबरी बाळ ठेवलं. पुसून कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास आला नाही तर नाकातोंडावर मास्क बसवून हवा द्यायची. "उलटं धरून मारायचं नाही," त्या हिंदीत म्हणाल्या, "त्यात वेळ जातो आणि बाळाला इजा होते."

ताईंनी मला उलटं धरून मारायलाच शिकवलं होतं. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी मास्क अचूक बसवला, बाहुलीची छाती वर आली. मॅडम खूश झाल्या. ताई मास्क ठेवून जागेवर येऊन बसल्या.

परतताना रामाकोन्याच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुले ते पोरगी आठवते?"

आठवत होती. मी तेव्हा नवीन होते. ताईंनी तिला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, परत मारल्या. ती रडलीच नाही.

"तवा मास्क कुठं होता आपल्याजवळ?" मी म्हटलं.

"मास्क नव्हता. पण मारून तं मीच राहिली होती ना."



त्या पोरीची आई ताईंच्याच गावात राहते. नर्सबाईनं लय धडपड केली, असं ती अजूनही सांगते आणि संत्री निघाली की टोपलीभर आणून देते. प्रशिक्षण झालं त्या वर्षी ती आली तेव्हा, बरं नाही, असं ताईंनी आतूनच सांगितलं. दार उघडलं नाही.

बाळंतपणाला त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. लसीकरण तेवढं करत.

पुढं एकदा माझ्या हातात एक बाळ निपचित आलं. मी मास्क लावून हवा दिली, ते रडलं. सुटी मिळताच मी ताईंकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मेथीची पुढची काडी उचलत विचारलं, "हवा देताना बाळाची मान लय मागं नाही ना केली?"

"नाही, ताई."

त्यांनी मान हलवली, मेथी तशीच टाकून आत गेल्या. मी बराच वेळ बसले. त्या बाहेर आल्या नाहीत, म्हणून दार ओढून घेऊन निघाले.