नानांची कंबर आणि मागचे शॉकअप

"एक खाच ढिली कर ना भाऊ." गॅरेजच्या दारात गाडी स्टँडला लावायच्या आधीच, एक हात कंबरेवर ठेवून, नाना हे म्हणायचे. रामराम वगैरे नंतर.

तुमच्याकडेही असा एक जण असेल, मोटारसायकलच्या मागे वळूचं गोठवलेलं वीर्य ठेवलेला नायट्रोजनचा जड कंटेनर बांधून गावोगाव गायी भरवत फिरणारा. पिंपळनेरच्या वरच्या पाड्यांवर लोक नानांना डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. पण माजावर आलेली गाय काही आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून फोन आला की निघायचे. रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता! त्यात कंबरेची चकती सरकलेली.

शॉकअपचं असं असतं, खालची रिंग पान्याने एकेक खाच फिरवली की स्प्रिंग कडक होते, उलटी फिरवली की मऊ. मऊ केली की कंबरेला आराम. पण मागे एवढं ओझं असलं की गाडी मागून बसते, हँडल हलकं पडतं आणि घाटातल्या वळणावर ती झुलायला लागते. किती वेळा सांगितलं असेल मी!

"नाना, पडाल."

"पडलो तर एकदाच पडेन रे. हे दुखणं रोजचं शे."

मी खाच ढिली करायचो नाही आणि ते रुसून चहा घ्यायचे नाहीत.

एकदा त्यांनी घरीच पाना चालवला. डावा शॉकअप मऊ, उजवा कडक! "एक कंबरेसाठी, एक घाटासाठी." गाडी पहिल्याच वळणावर नाल्यात. कोपर फुटलं होतं आणि वर मला हसत सांगतात, "कंटेनर नाही सांडू दिला." मी शिव्या घालत दोन्ही बाजू सारख्या केल्या.

मग एका उन्हाळ्यात त्यांना गाडीवर टांगच टाकता येईना. नेमका तेव्हाच पाड्यावरच्या एका अक्काचा फोन आला. तिची एकच गाय, आधी दोनदा भरवूनही गाभण न राहिलेली. या वेळी राहिली नाही तर घरचे ती विकणार होते. नाना माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी गॅरेजला कुलूप लावलं.

मी, नाना आणि मागे कंटेनर, म्हणून शॉकअप पार कडक करावे लागले. प्रत्येक खड्ड्याला माझ्या मानेवर त्यांचा श्वास अडकायचा.

"थांबू का?"

"चाल रे, चाल."

गाय भरवून झाली तेव्हा ते घामाने निथळत होते. परतताना गाडीवर बसलेच नाहीत. सगळा उतार कंबर धरून चालत उतरले, मी हळूहळू गाडी घेऊन पुढे. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मुलीने त्यांना धुळ्याला नेलं.

परवा ती अक्का गॅरेजवर आली. गाय व्याली होती, हातात चिकाची किटली.

"डॉक्टर कोठे शेतस?"

मी धुळ्याला फोन लावला. "नाना, अक्काच्या गायीला कालवड झाली."

"उभी राहिली?"

"राहिली."

"दूध ओढते?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने मान डोलावली. "ओढते म्हणे."

"बरं झालं. बठ्ठं, सगळंच बरं झालं. ठेवतो भाऊ. बसवत नाही फार."

"कधी येतीन?" अक्काने विचारलं.

मी तिच्या हातातली किटली घेतली.