कोपरा फाडलेलं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कमलला ओळखत नाही.

कमल माझी धाकटी नणंद. उज्जैनला मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायची. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, यांची कचेरी भोपाळला हलणार होती — त्या हिवाळ्यातली गोष्ट. सासूबाई चार पाहुण्यांसमोर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भोपाळचं घर लावायला कमल जाईल. हिला तर रामघाटाच्या पायऱ्या उतरायला पण हात लागतो." सगळे हसले. कमलही हसली.

त्याआधी तिला हिमालयातला तुंगनाथ चढायचा होता, ऐन बर्फात. उन्हाळ्यात एकदा जाऊन आली होती. तिथल्या धर्मशाळेच्या चौकीदाराशी तिचं ठरलं होतं — वाट बंद असली तर त्याने कार्ड टाकायचं; कार्ड आलं नाही तर वाट मोकळी. "वहिनी, टपाल तुम्हीच बघता. तुम्ही हो म्हणालात की निघते." माझ्या व्यवहारी डोक्यावर तिचा भरवसा होता.

कार्ड आलं. "बर्फ कमर तक है. मैं नीचे गाँव जा रहा हूँ. मत आइए."

मी काय केलं? — कार्डाचा कोपरा फाडला. कुणी गेल्याचं कळवायचं तर आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड येतं. ते घरात ठेवत नाहीत, कुणी हातात मागत नाही. सासूबाईंना लांबूनच दाखवलं — ग्वाल्हेरच्या लांबच्या भाऊबंदांत कुणी म्हातारे गेले, अंघोळीपुरतंच सुतक. सुचलं ते नाव सांगितलं. त्यांना तो माणूस आठवलासुद्धा.

कार्ड बंबात घातलं. त्याच पाण्याने कमलने डोक्यावरून अंघोळ केली. केस पुसत विचारलं, "पहाडावरून काही आलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "जा तू."

आणि वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

ती हरून परत यावी, एवढंच मला हवं होतं का? बरीच वर्षं मी तसं धरून चालले. पण कमरेएवढं बर्फ म्हणजे काय, हे मला कळत होतं. कार्ड मी दोनदा वाचलं होतं.

तिच्या शाळेतल्या एक बाई सोबत गेल्या होत्या, त्यांनी तिला ओढत खाली आणली. दोन्ही पायांची बोटं तिकडच्याच दवाखान्यात कापली. नोकरी गेली. भोपाळला ती आली, पण घर मी लावलं. पायऱ्यांचं नाव सासूबाईंनी पुन्हा काढलं नाही. मला बरं वाटलं. — हो, बरं वाटलं.

त्या चौकीदाराला ती अजून बेईमान म्हणते. मी मान हलवते.

थंडीत तिचे पाय ठणकतात. मी बंब पेटवते, शेकायला गरम पाणी नेऊन देते. आज सकाळी म्हणाली, "वहिनी, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?"

मी तिचे पाय पुसले, मोजे चढवले. पुढे बोटांच्या जागी कापूस भरावा लागतो. तो भरला.