पट्टी आणि इंग्लिश

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. आज ऑफिसात कुणीतरी मार्करचं टोपण उघडलं आणि त्या वासाने मी थेट बुधवार पेठेतल्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये पोचले. खाली मोबाइल रिपेअरची दुकानं, वर पत्र्याची तापलेली खोली, आणि सरांचा एकच नियम, मराठी शब्द तोंडातून निघाला की हातावर लाकडी पट्टी. माझ्या शेजारी वर्ध्याकडचा मुलगा बसायचा, कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. त्या दिवशी तो चुकून मराठीत बोलला आणि पट्टी बसली. "कायले मारता जी?" त्याने विचारलं. तेही मराठीच, म्हणून परत पट्टी. तो विचारत राहिला, सर मारत राहिले, बोटं फुटून बाकावर रक्त आलं. शेवटी त्याने पट्टी हिसकावली आणि सरांच्या मनगटावर अशी हाणली की ती मोडलीच. "आई गं, मेलो," सर कळवळले. तो म्हणाला, "सर, इन इंग्लिश प्लीज," आणि सुजलेला हात धरून जिना उतरला. इंटरव्ह्यूला तो गेलाच नाही. मी आता रोज परदेशी क्लायंटशी इंग्लिशमध्ये बोलते, पण पहिलं वाक्य सुरू करताना टेबलाखाली माझी मूठ आवळलेली असते. तुमचंही असं काही होतं का?