काळ्या टी-शर्टची परीक्षा

अंधेरीच्या आमच्या कॉलनीत काळा टी-शर्ट कोणी घालायचा आणि कोणी नाही, हे पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर ठरायचं. रविवारी सकाळी माझा दादा आणि त्याचे कॉलेजातले मित्र तिथे जमायचे, मधोमध टेपरेकॉर्डर ठेवलेला. हेवी मेटल ऐकायचे, नाहीतर ते प्रोग्रेसिव्ह रॉक, ज्यातलं एकेक गाणं चहा करून, पिऊन, कप विसळून झाले तरी चालूच असायचं. कट्ट्याचा नियम असा की ज्या बँडचा शर्ट अंगावर घालायचा, त्याच्या अल्बमची आधी तोंडी परीक्षा द्यायची. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, ड्रम कुठे थांबतात, गिटार कुठे एकटी पडते. पास झाला तर शर्ट, नाहीतर पुढचा रविवार.

आणि हे शर्ट रंगवायचं कोण? मी.

तसले शर्ट तेव्हा आमच्यासारख्यांना विकत कुठे मिळत होते? आईने मला सुट्टीत फॅब्रिक पेंटिंगच्या क्लासला घातलं होतं, उशीच्या अभ्र्यांवर गुलाब काढायला. ते गुलाब राहिले बाजूला आणि मी कवट्या काढायला लागले. पोरं अल्बमच्या कव्हरची झेरॉक्स आणून द्यायची. मी तिच्यावर चौकटी आखायची, काळ्या कापडावर शिंप्याच्या खडूने चित्र मोठं करायची, रंग मागे उतरू नये म्हणून शर्टात पुठ्ठा घालायची. काळ्यावर कुठलाच रंग उठत नाही, म्हणून आधी सगळीकडे पांढऱ्याचा हात, तो वाळला की वरून रंग, मग उलट्या बाजूने इस्त्री. आई म्हणायची, "सणासुदीचं घरात मुडदे काय वाळत घालतेस गं?" पोरं मात्र शर्ट उचलून न्यायची आणि "थँक्स हं" म्हणायची, जसं काही मी त्यांना खालून कोथिंबीर आणून दिली होती.

रंगवताना मी त्या त्या अल्बमची कॅसेट लावून ठेवायची. शर्ट पुरा होईस्तोवर अल्बम किती वेळा फिरायचा कोण जाणे. त्यामुळे कट्ट्यावरच्या कुणाहीपेक्षा तो मला जास्त पाठ असायचा. हे दादाला माहीत होतं, बाकीच्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्यातला एक अल्बम सगळ्यांचा देव होता. दादाने तो घाटकोपरच्या एका दुकानातून भरून आणला होता. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची आणि एका बाजूला एक अल्बम बसवायचा, ही तेव्हाची काटकसर. बाकी सगळ्यांनी दादाच्याच कॅसेटवरून आपापली भरून घेतलेली. त्याचं शेवटचं लांबलचक गाणं ऐन भरात असताना खटकन बंद पडायचं. दादाने त्यावर एक सिद्धांत मांडला होता. "मरण असंच येतं यार. बोलता बोलता माणूस गप. त्यांनी मुद्दाम तोडलंय." पोरं माना डोलवायची. मीही डोलवायची, कारण सिद्धांत खरोखरच झकास होता.

मग आईच्या ऑफिसातल्या एका कॅथलिक आंटीने माझ्याकडून टेबलक्लॉथ रंगवून घेतला. तो पोचवायला आम्ही दोघं वर्सोव्याहून तरीने खाडीपलीकडे मढला गेलो. मला एकटीला सोडायचं नाही म्हणून दादा बरोबर. आंटीचा मुलगा बोटीवर कामाला होता आणि त्याच्या रेकॉर्डी कपाटात नीट लावून ठेवलेल्या. त्यात तो अल्बम दिसला. आंटी म्हणाली, "लाव ना, तेवढंच घर भरल्यासारखं वाटेल."

शेवटचं गाणं आमच्या ओळखीच्या जागी आलं आणि थांबलंच नाही. पुढे गेलं. सगळी वाद्यं एकेक करत गळाली, नुसती गिटार उरली, आणि अल्बमच्या अगदी सुरुवातीला वाजलेली चाल हळू होऊन परत आली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. आमच्या कॅसेटची बाजू तिथे संपत होती, बस. मरणबिरण काही नाही, फीत पुरली नव्हती.

परतताना तरीत दादा म्हणाला, "रविवारी सांगतो सगळ्यांना."

त्या आठवड्यात मी माझ्यासाठी शर्ट रंगवला. पहिल्यांदाच स्वतःसाठी. तोच अल्बम, आणि तेवढं चांगलं काम मी आधी कुणाचं केलं नव्हतं. रविवारी तो घालून कट्ट्यावर गेले. मला काय हवं होतं? बाजूला सरकून कुणी जागा द्यावी, एवढंच.

चष्मेवाला एक जण होता, तो परीक्षा घ्यायचा. तो हसला. "अगं, तू पेंट करतेस ते ठीक आहे. पण घालायचा म्हणजे..."

"विचार ना," मी म्हटलं.

त्याने विचारलं, मी सांगत गेले. एकही चुकलं नाही. मग त्याने विचारलं, "संपतो कसा?"

"गिटार एकटी उरते. पहिली चाल परत येते."

सगळे हसले. चष्मेवाला म्हणाला, "वाट लागली. अगं, तो तुटतो. त्यातच तर सगळं आहे. ऐकलास तरी का पूर्ण?"

मी दादाकडे बघितलं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. परक्यांनी हसावं, त्यांची मी कोण लागत होते? पण हा माझ्या शेजारी बसून ती चाल ऐकून आला होता, आणि स्वतःचा सिद्धांत जपायला त्याने मला खोटं पडू दिलं. मी घरी गेले. शर्ट काढला नाही, तोच घालून जेवले.

दोन-तीन दिवसांनी दादाच नवी झेरॉक्स आणि कोरा शर्ट घेऊन आला. काही झालंच नसल्यासारखा. मी घेतला. पांढऱ्याचा हात दिला, राक्षसाचं डोकं रंगवलं, खांदे रंगवले, आणि छातीच्या मध्यावर सरळ रेषेत थांबले. खाली नुसतं काळं.

"हे अर्धंच आहे," दादा म्हणाला.

"तुटतं ते तिथे. त्यातच तर सगळं आहे."

त्याला बरोबर कळलं. पण दुसरा शर्ट नव्हता, आणि हट्टी तर आमचं घराणंच. रविवारी तो तसाच घालून खाली गेला. मी गॅलरीतून बघत होते. आता याची फजिती होणार म्हणून बघत होते, तर पोरं खूश. "काय आयडिया आहे बॉस." आणि दादा चक्क मान हलवत होता, जणू त्यालाच सुचलं होतं.

संध्याकाळी चष्मेवाला आणि आणखी दोघं कोरे शर्ट घेऊन आमच्या दारात. आम्हालाही तसंच अर्धं दे. दादा त्यांच्या मागे उभा होता. मी ते शर्ट हातात घेतलेच नाहीत.

"आधी परीक्षा," मी म्हटलं. "त्या अल्बमचा शेवट कसा होतो?"

"तुटतो," चष्मेवाला लगेच म्हणाला.

मी दादाकडे बघत राहिले. आतून आईने कुकर उतरवल्याचा आवाज आला. दादाने दारातल्या चपला पायाने सरळ केल्या. मग अगदी हळू म्हणाला, "पहिली चाल परत येते."

"मला नको सांगूस," मी म्हटलं. "मी ऐकलीय. त्यांना सांग."